कमलनयन बजाज

कमलनयन जमनालाल बजाज (२३ जानेवारी १९१५ – १ मे १९७२) हे भारतीय उद्योगपती आणि वर्धा लोकसभा मतदारसंघाचे खासदार होते. स्वातंत्र्यसैनिक व उद्योजक जमनालाल बजाज यांचे ते ज्येष्ठ पुत्र. वडिलांच्या निधनानंतर १९४२ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी बजाज उद्योगसमूहाचे नेतृत्व केले. साखर, कापूस आणि पोलाद यांत गुंतलेल्या या समूहाला वाहननिर्मितीकडे वळवण्याचे श्रेय त्यांच्या पिढीकडे जाते. पुण्याजवळील आकुर्डी येथे उभा राहिलेला बजाज ऑटोचा कारखाना त्यांच्याच कारकिर्दीतला असून पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याच्या आरंभीच्या मोठ्या कारखान्यांत त्याची गणना होते. राहुल बजाज आणि शिशिर बजाज हे त्यांचे पुत्र होत.

कौटुंबिक पार्श्वभूमी

बजाज कुटुंब मूळचे राजस्थानातील सीकर परिसरातले. जमनालाल यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळील कासी का बास या खेड्यात झाला. वर्ध्याचे धनिक व्यापारी सेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले व त्यामुळे ते वर्ध्याचे झाले. कापसाचा व्यापार, सरकी काढणे, गठाणी बांधणे आणि सावकारी हा या पेढीचा मुख्य व्यवसाय होता. विदर्भातील कापूस मुंबईच्या बाजारात आणि तेथून परदेशी जात असे. वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ या भागातील अनेक पेढ्यांची भरभराट याच व्यापारावर झाली.

जमनालाल पुढे महात्मा गांधींचे निकटचे सहकारी झाले. गांधी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत. असहकार आंदोलनाच्या काळात जमनालाल यांनी ब्रिटिश सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी परत केली. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्यातील आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले. त्यांच्याच आग्रहामुळे विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यात आले आणि पुढे गांधींनीही वर्धा हे आपले कार्यक्षेत्र केले. मगनवाडी, सेवाग्राम आणि पवनार ही तिन्ही ठिकाणे जमनालाल यांच्या साहाय्यामुळे राष्ट्रीय चळवळीशी जोडली गेली. कमलनयन यांच्या मातोश्री जानकीदेवी यांनीही स्वातंत्र्यलढ्यात व नंतर भूदान चळवळीत भाग घेतला. भारत सरकारने १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले.

बालपण आणि शिक्षण

कमलनयन यांचे बालपण साबरमती व वर्धा येथील आश्रमीय वातावरणात गेले. सरकारी शाळांवर बहिष्कार घालण्याच्या धोरणामुळे जमनालाल यांनी आपल्या मुलांना प्रचलित शाळांपासून दूर ठेवले होते. त्यामुळे कमलनयन यांच्या प्रारंभिक शिक्षणावर विनोबांचे संस्कार झाले. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, स्वतःची कामे स्वतः करणे आणि खादी वापरणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा आश्रमातील इतर मुलांप्रमाणेच वाढावा, असा वडिलांचा कटाक्ष होता.

गांधींचा या मुलांशी पत्रव्यवहार असे. कमलनयन यांना त्यांनी वेळोवेळी लिहिलेली पत्रे उपलब्ध असून ती गांधींच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहेत. पुढे कमलनयन उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले व केंब्रिज विद्यापीठात शिकले. आश्रमातील शिक्षण आणि केंब्रिज हे दोन अतिशय भिन्न अनुभव त्यांच्या वाट्याला आले. मायदेशी परतल्यावर ते वडिलांच्या व्यवसायात आणि सार्वजनिक कामात सहभागी झाले.

विवाह आणि कुटुंब

कमलनयन यांचा विवाह कोलकात्यातील पोद्दार कुटुंबातील सावित्री यांच्याशी झाला. त्यांचे ज्येष्ठ पुत्र राहुल यांचा जन्म १० जून १९३८ रोजी कोलकाता येथे झाला. त्यांचे नाव जवाहरलाल नेहरू यांनी सुचवले होते. नेहरू आणि बजाज कुटुंबांत त्या काळी घरोबा होता. धाकटे पुत्र शिशिर व कन्या सुमन ही त्यांची अन्य अपत्ये.

कमलनयन यांचे धाकटे बंधू रामकृष्ण (१९२३–१९९४) हे स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगलेले कार्यकर्ते होते व नंतर उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. भगिनी मदालसा यांचा विवाह गांधीवादी अर्थतज्ज्ञ श्रीमन्नारायण यांच्याशी झाला. श्रीमन्नारायण हे वर्ध्याचे पहिले लोकसभा सदस्य होते आणि पुढे गुजरातचे राज्यपाल झाले.

उद्योगसमूहाची जबाबदारी

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल बजाज यांचे वर्ध्यात आकस्मिक निधन झाले. कमलनयन त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये वर्ध्यात झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीत ब्रिटिशांनी भारत सोडावा अशी मागणी करणारा ठराव झाला व ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलन सुरू झाले. देशातील राजकीय धामधूम आणि दुसरे महायुद्ध अशा परिस्थितीत व्यवसायाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

वडिलांनी मागे ठेवलेला व्यवसाय विखुरलेल्या स्वरूपाचा होता. १९३१ मध्ये उत्तर प्रदेशातील गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्तान शुगर मिल्सची स्थापना झाली होती. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुकुंद आयर्न अँड स्टील हा पोलाद उद्योग समूहाकडे आला. १९३८ मध्ये स्थापन झालेली रेडिओ लॅम्प वर्क्स ही कंपनी विजेच्या दिव्यांच्या व्यवसायात होती. तिचेच नाव १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स झाले. यांखेरीज कापसाच्या जुन्या पेढ्या होत्या.

जमनालाल यांनी संपत्तीकडे विश्वस्ताच्या दृष्टीने पाहिले होते. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून सांभाळावी, हा गांधींचा विश्वस्तसिद्धान्त ज्या थोड्या उद्योजकांनी गांभीर्याने घेतला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते. व्यवसाय टिकवणे, तो वाढवणे आणि त्याच वेळी या सिद्धान्ताशी बांधील राहणे, अशी तिहेरी जबाबदारी कमलनयन यांच्यावर आली. खेडे आणि हस्तोद्योग यांना केंद्रस्थानी मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या या उद्योजकाला पुढे यंत्रोद्योगाचाच विस्तार करावा लागला. त्यांच्या चरित्रातील हा महत्त्वाचा पेच मानला जातो.

बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ते बजाज ऑटो

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही खाजगी कंपनी स्थापन झाली. हीच आजच्या बजाज ऑटोची मूळ कंपनी. प्रारंभी तिचे स्वरूप निव्वळ व्यापारी होते. १९४८ पासून ती परदेशी बनावटीची दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून भारतात विकू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पियाज्जिओ या विमाननिर्मिती करणाऱ्या कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा ही स्कूटर बाजारात आणली होती. विमान अभियंता कोरादिनो दास्कानिओ यांनी तिची रचना केली. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा सांगाडा, मागच्या चाकाजवळ बसवलेले दोन-स्ट्रोक इंजिन, पाय ठेवण्यास सपाट जागा आणि चिखल व तेलापासून कपड्यांचे संरक्षण करणारी समोरची ढाल ही तिची वैशिष्ट्ये होती. साडी किंवा धोतर नेसलेल्या व्यक्तीलाही तिच्यावर बसणे सोयीचे होते. याच तंत्रावर आधारलेले आपे हे तीनचाकी वाहन पियाज्जिओने १९४८ मध्ये तयार केले.

स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलनाची टंचाई होती व आयातीवर कडक निर्बंध होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने देशांतर्गत औद्योगिक उत्पादनावर भर दिल्यावर आयात मालाच्या विक्रीवर चालणाऱ्या कंपन्यांना फारसे भवितव्य उरले नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार नवा कारखाना काढण्यास आणि उत्पादनक्षमता ठरवण्यासही केंद्र सरकारचा परवाना आवश्यक होता. मुंबईतील ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटरच्या क्षेत्रात आधीच उतरली होती. बजाज समूहाला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या निर्मितीचा परवाना मिळाला. १९६० मध्ये कंपनी सार्वजनिक मर्यादित झाली व तिला बजाज ऑटो हे नाव मिळाले. विक्रेत्याचा निर्माता होण्याचा हा टप्पा समूहाच्या इतिहासात निर्णायक ठरला.

आकुर्डीचा कारखाना

कारखान्यासाठी पुण्याच्या वायव्येस, मुंबई–पुणे रस्त्यालगतच्या आकुर्डी गावाची निवड झाली. तेथे १९६० मध्ये भूमिपूजन झाले. याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला होता. मात्र आजूबाजूचा परिसर अद्याप शेतीचाच होता. मुंबई बंदर, लोहमार्ग आणि महामार्ग यांची जवळीक तसेच पुण्यातील तंत्रशिक्षित मनुष्यबळ ही या जागेची बलस्थाने होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूप वेगाने पालटले. टेल्कोसह अनेक मोठे कारखाने तेथे आले. १९७० मध्ये या गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

१९६१ पासून पियाज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले व तीनचाकी वाहनेही बनू लागली. सुरुवातीला अनेक सुटे भाग इटलीतून येत. सरकारी धोरणानुसार हे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करून भारतीय भाग वापरणे बंधनकारक होते. त्यामुळे पत्रा दाबणे, ओतकाम, गिअर कापणे, रबरी भाग आणि विजेचे भाग तयार करणारे लहान उद्योग आसपास निर्माण झाले. मुख्य कारखान्याला भाग पुरवणाऱ्या अशा लघुउद्योगांचे जाळे ही पुढे पिंपरी-चिंचवड आणि भोसरीची ओळख बनली.

कारखान्याच्या आवारात कर्मचाऱ्यांसाठी वसाहत बांधण्यात आली. हार्वर्ड विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेले राहुल बजाज १९६५ पासून पत्नी रूपा यांच्यासह याच वसाहतीत राहू लागले. मालकाच्या कुटुंबाने शहरातील बंगल्याऐवजी कारखान्याशेजारी राहावे, हा प्रघात त्या काळातील उद्योगजगतात विरळा होता.

परवाने आणि प्रतीक्षायादी

१९६० च्या दशकात मध्यमवर्गीय कुटुंबांत स्कूटरची मागणी झपाट्याने वाढली. मोटार बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती आणि शहरांतील सार्वजनिक वाहतूक अपुरी पडत होती. उत्पादन मात्र परवान्यात नमूद केलेल्या क्षमतेपुरतेच करता येत असे. क्षमता वाढवण्यासाठी पुन्हा सरकारी संमती लागे. वितरणावरही सरकारी नियंत्रण होते. परिणामी ग्राहकांना नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे व हाती आलेली नवी स्कूटर मूळ किमतीहून जास्त दराने विकली जाई. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांना स्कूटर लवकर मिळत असे. त्यामुळे परदेशातील नातेवाइकांमार्फत नोंदणी करण्याची पद्धतही रूढ झाली. विवाहात वरपक्षाकडून स्कूटरची मागणी होणे हा याच टंचाईचा एक अनिष्ट सामाजिक परिणाम होता.

या व्यवस्थेचे मूल्यमापन दोन बाजूंनी केले जाते. एकीकडे उत्पादन वाढवण्यास तयार असलेल्या कारखान्याला कायद्याने रोखून धरले होते आणि त्याची किंमत ग्राहकांनी मोजली. दुसरीकडे त्याच व्यवस्थेने परवानाधारक कंपन्यांना परदेशी व देशी स्पर्धेपासून संरक्षण दिले. तयार होणारे प्रत्येक वाहन आधीच विकले गेलेले असल्यामुळे नवे नमुने विकसित करण्याची निकड कंपनीला भासत नव्हती. बजाज समूह या व्यवस्थेमुळे एकाच वेळी अडलेला आणि सुरक्षित होता. कंपनीने एक लाखावे वाहन तयार करेपर्यंत १९७० साल उजाडले.

फिरोदिया कुटुंबाशी फारकत

वाहन व्यवसायात बजाज कुटुंबाचे प्रारंभीचे भागीदार अहमदनगरचे (सध्याचे अहिल्यानगर) फिरोदिया कुटुंब होते. नवलमल फिरोदिया व त्यांचे बंधू हस्तिमल यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे वकील, काँग्रेसचे नेते आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. प्रवासी वाहतुकीसाठी तीनचाकी ऑटोरिक्षा भारतात आणण्यात नवलमल यांचा पुढाकार होता. माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा बंद व्हावी, ही त्यामागची त्यांची प्रेरणा होती. दोन्ही घराणी व्यापारी परंपरेतील, काँग्रेसनिष्ठ आणि गांधीविचारांच्या प्रभावाखालील असल्याने ही भागीदारी स्वाभाविक वाटणारी होती.

१९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो या कंपनीची स्थापना झाली. तिचा कारखानाही पुढे आकुर्डीलाच आला. मालवाहू तीनचाकीला मराठीत सर्रास टेम्पो म्हटले जाते, ते या वाहनाच्या लोकप्रियतेमुळे. बजाज ऑटोच्या दैनंदिन व्यवस्थापनातही फिरोदियांचा मोठा वाटा होता. मात्र १९६० च्या दशकात दोन्ही कुटुंबांत नियंत्रणाच्या प्रश्नावरून मतभेद निर्माण झाले. १९६८ मध्ये ती विभक्त झाली. बजाज ऑटो बजाज कुटुंबाकडे आणि बजाज टेम्पो फिरोदियांकडे राहिली. त्याच वर्षी तीस वर्षांच्या राहुल बजाज यांनी बजाज ऑटोच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली.

ही फारकत पूर्ण झाली नाही. दोन्ही बाजूंकडे एकमेकांच्या कंपन्यांचे समभाग राहिले व त्यांवरून वाद पुढील अनेक वर्षे चालले. फिरोदियांच्या कंपनीच्या नावातील बजाज हा शब्द २००५ पर्यंत कायम होता. त्या वर्षी तिचे नाव फोर्स मोटर्स असे झाले. हस्तिमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही स्वतंत्र दुचाकी कंपनी उभारली. लुना या मोपेडमुळे ती घराघरांत पोचली. अशा प्रकारे एका भागीदारीतून पुणे परिसरात तीन वाहन कंपन्यांचा विस्तार झाला.

संसदीय कारकीर्द

कमलनयन बजाज हे १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन सार्वत्रिक निवडणुकांत वर्धा मतदारसंघातून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेवर निवडून आले. पहिल्या निवडणुकीच्या वेळी वर्धा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. दुसऱ्या निवडणुकीपर्यंत तो महाराष्ट्राचा भाग झाला होता.

त्यांच्या संसदीय कारकिर्दीत काँग्रेसचे आर्थिक धोरण अधिकाधिक नियंत्रणांकडे झुकत गेले. १९६० च्या दशकात मोठ्या उद्योगसमूहांच्या हातातील आर्थिक सत्तेची चौकशी करण्यासाठी आयोग व समित्या नेमल्या गेल्या. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायदा संमत झाला. मोठ्या समूहांच्या विस्तारावर त्यामुळे आणखी एक बंधन आले. सत्ताधारी पक्षाचा खासदार आणि त्याच पक्षाच्या धोरणांमुळे बांधला गेलेला उद्योगपती, अशा दुहेरी भूमिकेत त्यांना वावरावे लागले.

१९६९ मध्ये काँग्रेसमध्ये फूट पडली. नेहरू कुटुंबाशी जुने संबंध असूनही कमलनयन यांनी इंदिरा गांधी यांच्या गटात न जाता संघटना काँग्रेसची बाजू घेतली. मोरारजी देसाई, एस. निजलिंगप्पा यांच्यासारखे ज्येष्ठ नेते या गटात होते. परवाना देण्याचे अधिकार सरकारकडे एकवटलेले असताना उद्योगपतीने विरोधी बाकांवर बसणे जोखमीचे होते. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसने देशभर मोठे यश मिळवले. वर्ध्याची जागाही त्यांच्याच पक्षाकडे गेली. कमलनयन यांची संसदीय कारकीर्द चौथ्या लोकसभेबरोबर संपली.

शैक्षणिक व सामाजिक कार्य

वर्ध्यातील शिक्षा मंडळ ही १९१४ मध्ये सुरू झालेली शिक्षणसंस्था बजाज कुटुंबाच्या आश्रयाने वाढली. वर्धा व नागपूर येथील गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालये तसेच १९६२ मध्ये वर्ध्यात सुरू झालेले जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय या संस्थेशी संबंधित आहेत. मुंबई विद्यापीठात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या व्यवस्थापनशास्त्र संस्थेला जमनालाल बजाज यांचे नाव देण्यात आले. देशातील व्यवस्थापन शिक्षणाच्या आरंभीच्या संस्थांत तिचा समावेश होतो.

वर्ध्यातील गांधीवादी संस्थांशी कुटुंबाचा संबंध कमलनयन यांच्या काळातही टिकून राहिला. उद्योगाचे केंद्र मुंबई व पुण्याकडे सरकले, तरी त्यांनी लोकसभेत प्रतिनिधित्व केले ते वर्ध्याचेच.

निधन

१९७१ मध्ये पियाज्जिओबरोबरचा करार संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. व्हेस्पा हे नाव सोडून स्वतःच्या नावाने वाहने विकणे कंपनीला भाग पडले. दहा वर्षांत आत्मसात केलेले तंत्रज्ञान आणि स्थानिक पुरवठादारांचे जाळे यांच्या बळावर तिने उत्पादन चालू ठेवले. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी बजाज चेतक ही स्कूटर १९७२ मध्ये आली. त्याच वर्षी १ मे रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी कमलनयन बजाज यांचे निधन झाले. चेतकला पुढील तीन दशकांत मिळालेली लोकप्रियता पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या पश्चात रामकृष्ण बजाज समूहाचे प्रमुख झाले. राहुल बजाज १९७२ मध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक झाले.

वारसा

बजाज ऑटोने १९८५ मध्ये औरंगाबादजवळील (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे दुसरा कारखाना सुरू केला. जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने १९८६ मध्ये तिने मोटारसायकलींच्या क्षेत्रात प्रवेश केला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परवाना पद्धत मोडीत निघाली, स्पर्धा वाढली आणि ग्राहकांची पसंती स्कूटरकडून मोटारसायकलींकडे वळली. पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेस चाकण येथे १९९९ मध्ये कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला. पल्सर ही मोटारसायकल २००१ मध्ये आली.

त्याच वर्षी बजाजने कावासाकीच्या रचनेवरील एलिमिनेटर ही क्रूझर प्रकारची मोटारसायकल बाजारात आणली. बसण्याची जागा खाली, पाय पुढे सोडून ठेवता येतील असे पायटे आणि उंच, रुंद हँडल ही क्रूझरची लक्षणे आहेत. अमेरिकी परंपरेतील क्रूझरमध्ये बहुधा व्ही-ट्विन इंजिन असते, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात एकाच क्रँकशाफ्टवर जोडलेले असतात. अशा इंजिनाला संथ आणि जोरकस ओढ मिळते, परंतु त्याचे भाग अधिक आणि खर्चही अधिक असतो. बजाजने किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी १७५ सीसीचे एकच सिलिंडर असलेले इंजिन वापरले. २००५ मध्ये एलिमिनेटरची जागा ॲव्हेंजरने घेतली. जुन्या भागीदार कुटुंबातील कायनेटिक कंपनीने याच दशकात वेगळा मार्ग निवडला. दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीची २५० सीसी व्ही-ट्विन इंजिन असलेली अक्विला ही क्रूझर तिने भारतात विकली. एकेकाळी एकत्र असलेल्या या दोन घराण्यांनी क्रूझरच्या भारतीय ग्राहकापर्यंत पोचण्याचे दोन निराळे प्रयत्न केले. त्यांपैकी बजाजचा एक सिलिंडरचा, स्वस्त पर्याय बाजारात दीर्घकाळ टिकला.

आकुर्डीच्या मूळ कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ मध्ये थांबली. मात्र कंपनीचे मुख्यालय तेथेच राहिले. चाकणच्या कारखान्यात पुढे ऑस्ट्रियाच्या केटीएम आणि ब्रिटनच्या ट्रायम्फ या कंपन्यांच्या मध्यम क्षमतेच्या मोटारसायकलीही तयार होऊ लागल्या. परदेशी नमुना भारतात बनवण्यासाठी १९५९ मध्ये परवाना मिळवणारी कंपनी आता परदेशी कंपन्यांसाठी भारतात उत्पादन करू लागली होती.

कमलनयन बजाज यांच्या नावाने छत्रपती संभाजीनगर येथे १९९० पासून रुग्णालय चालवले जाते. चिंचवड येथे त्यांच्या नावाची शाळा व कनिष्ठ महाविद्यालय आहे. कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन ही संस्था वर्धा व सीकर जिल्ह्यांत जलसंधारण आणि शेतीविषयक कामे करते. कुटुंबाचे मूळ गाव आणि कर्मभूमी अशा दोन्ही प्रदेशांशी त्यांचे नाव त्यामुळे जोडलेले आहे.

जमनालाल यांची त्यागी प्रतिमा आणि राहुल बजाज यांचे स्पष्टवक्ते सार्वजनिक व्यक्तिमत्त्व यांच्या तुलनेत कमलनयन यांच्याविषयी कमी लिहिले गेले आहे. कंपनीचे व्यापाराकडून निर्मितीकडे झालेले संक्रमण, आकुर्डीची निवड, भागीदारीचा शेवट आणि पुढील पिढीकडे झालेले हस्तांतर या चारही घटना मात्र त्यांच्या कार्यकाळातील आहेत.